अमेरिकेत हॉटेलच्या खोलीसाठी ऑनलाइन बोली अजून लावता येते का? (तिघं, न्यूयॉर्क – वेगास – सॅन फ्रान्सिस्को)

माहीमकर_७१

मे महिन्यात मी, बायको आणि बारा वर्षांचा मुलगा अमेरिकेला जातोय. न्यूयॉर्क ४ रात्री, लास वेगास २, सॅन फ्रान्सिस्को ३. व्हिसा आहे, विमानाची तिकिटं झाली, पण हॉटेलांचे भाव बघून घाम फुटलाय. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो की प्राइसलाइन या अमेरिकन बुकिंग साइटवर बोली लाव, चार स्टारची खोली निम्म्या भावात पडते; बोली फेटाळली तर एक एरिया वाढवायचा आणि परत लावायची. साइट उलटीपालटी केली, बोलीचा रकाना कुठेच नाही. भारतातून उघडल्यामुळे दिसत नाही का? आणि हॉटेलचं नाव पैसे भरल्यावरच कळतं म्हणतात, त्यात फसगत नेमकी कुठे होते? माझ्याकडे क्रेडिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड दोन्ही आहेत.

गिरगावचा_गणित्या

रकाना दडलेला नाही, तो काढूनच टाकलाय. मावसभाऊ सांगतायत ती पद्धत म्हणजे ‘नेम युअर ओन प्राइस’. १९९८ साली प्राइसलाइन सुरू झाली तीच मुळात या कल्पनेवर. २०१६ मध्ये विमानाच्या तिकिटांची बोली बंद झाली, पुढच्या काही वर्षांत हॉटेलांची आणि भाड्याच्या गाड्यांचीही. जुने सल्ले मात्र नेटवर अजून फिरतात.

ते एरिया वाढवण्याचं गणित असं होतं. तुम्ही शहराचा भाग, स्टार आणि रक्कम द्यायची. बोली फेटाळली तर तीच बोली पुन्हा लावायला २४ तास थांबायचं, किंवा भाग, स्टार, तारीख यातलं काहीतरी बदलायचं. मग लोक काय करत, ज्या भागात चार स्टारचं एकही हॉटेल नाही असा भाग मुद्दाम जोडत. खोली मिळणार ती मूळ भागातच, पण साइटच्या लेखी बोली नवी, म्हणून रक्कम पाच-दहा डॉलरने वाढवून लगेच परत लावता येई. असे तीन-चार ‘रिकामे’ भाग हाताशी असले की तेवढे जादा प्रयत्न फुकट.

आता त्याची जागा घेतलीय नाव झाकलेल्या सौद्यांनी. प्राइसलाइनवर ‘एक्सप्रेस डील’, हॉटवायर या तशाच दुसऱ्या साइटवर ‘हॉट रेट’. भाव ते सांगतात, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. प्राइसलाइनचंच ‘प्राइसब्रेकर’ म्हणून आणखी एक आहे: तीन हॉटेलं नावानिशी दाखवतात, त्यातलं कुठलं मिळालं ते पैसे भरल्यावर कळतं. तिन्ही चालणारी असतील तर नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

हॉटेलवाले नाव का झाकतात? रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. पण स्वतःच्या नावाने भाव पाडला तर पूर्ण भाव मोजलेलं गिऱ्हाईक हुज्जत घालतं आणि पुढच्या वेळी तेही त्याच भावाची वाट बघतं. म्हणून माल बुरख्याआड विकायचा.

पार्ले_पूर्व

नाव झाकलेलं असलं तरी बऱ्याचदा ओळखता येतं. लॅपटॉपवर करा, मोबाइलवर डोळे फुटतील.

एका टॅबमध्ये झाकलेला सौदा उघडा. भागाचं नाव, स्टार, पाहुण्यांनी दिलेला गुण, सोयींची यादी (पोहण्याचा तलाव, जिम, मोफत नाश्ता, पार्किंग, पाळीव प्राणी चालतात का), हॉटेलवर भरायची फी किती आणि काट मारलेला मूळ भाव, एवढं कागदावर उतरवून घ्या. दुसऱ्या टॅबमध्ये त्याच साइटची नेहमीची यादी उघडा. तारखा त्याच, माणसं तेवढीच, भाग आणि स्टारची चाळणी लावलेली. आता एकेक सोय टिक करत गेलात की यादी भराभर आक्रसते. मिडटाऊनमध्ये (न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचा मधला भाग) चार स्टारची ढीगभर हॉटेलं आहेत, पण चार स्टार, तलाव आणि पाळीव प्राणी असं तिन्ही म्हटलं की मोजकीच उरतात. शेवटी काटलेला मूळ भाव उरलेल्यांच्या चालू भावाशी जुळवून बघा. फीचा आकडा जुळला तर फारच उत्तम, कारण ती रक्कम हॉटेलागणिक वेगळी असते.

फसतं कुठे: एकाच साखळीची दोन हॉटेलं एकाच भागात असली की सोयी शब्दशः सारख्या निघतात. ‘मोफत वायफाय’ आणि ‘जिम’ सगळीकडेच असतात, त्यांच्यावरून काही ठरत नाही. आणि स्टार हे त्या साइटचे स्वतःचे असतात. एका साइटवर साडेतीन असलेलं दुसरीकडे चार असतं. म्हणून ताडून बघायचं ते त्याच साइटवर.

ओळखलंत तर हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा सदस्य-दर बघायला विसरू नका. सदस्यत्व फुकट असतं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर झाकलेला सौदा घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही: तिथे रद्द करता येत नाही, तारीख बदलत नाही, साखळीचे पॉइंटही सहसा मिळत नाहीत.

शिवाजीपार्क_कट्टा

सगळं खरं, पण हे तिघं आहेत हे कुणी लक्षात घेतलं का? झाकलेल्या सौद्यात हमी असते ती दोन मोठ्यांना पुरेल अशा खोलीची. एक डबल बेड की दोन, हे चेक-इनच्या काउंटरवर ठरतं. न्यूयॉर्कच्या खोल्या आपल्या वन-आरकेला लाजवतील इतक्या लहान. जादा खाट मागितली तर कित्येक ठिकाणी टाकायला जागाच नसते, असली तर तिचे पैसे वेगळे. बारा वर्षांचा मुलगा आईबापांच्या मध्ये चार रात्री झोपणार का?

माझं मत: न्यूयॉर्कमध्ये झाकलेला सौदा घेऊच नका. नावानिशी, ‘दोन क्वीन बेड’ (म्हणजे दोन वेगळे डबल बेड) असं खोलीच्या वर्णनातच लिहिलेलं, रद्द करता येणारं बुकिंग आजच करून ठेवा. मग हवं तर भाव उतरतोय का बघत राहा. उतरला तर नवं करा आणि लगेच जुनं रद्द करा. रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेने मोजतात, मुंबईच्या नव्हे. न्यूयॉर्क मे महिन्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं.

वेगासची गोष्ट वेगळी. तिथल्या मोठ्या कॅसिनो-हॉटेलांत दोन क्वीन बेडच्या खोल्या सर्रास असतात. सौदा खेळायचाच असेल तर तिथे, आणि रविवार ते गुरुवार या रात्रींत. शुक्रवार-शनिवारी तीच खोली दुप्पट-तिप्पट होऊ शकते.

मालाड_लिंकरोड

वेगासला रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या भाड्यावर हॉटेल सक्तीने घेतं ती फी, विसरू नका. ३५-५० डॉलर रोजचे, वर कर, आणि साइटवर दाखवतच नाहीत. ४० डॉलरची खोली शंभराला पडते.

गिरगावचा_गणित्या

@मालाड_लिंकरोड, फी आहेच, पण ‘दाखवत नाहीत’ हे आता जुनं झालं. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू आहे: हॉटेलच्या खोलीची किंमत सांगताना अनिवार्य फी धरूनच सांगायची. सरकारी कर मात्र शेवटच्या पानापर्यंत वेगळे ठेवायला मुभा आहे. म्हणजे आता घोळ उलटा होतो, लोक फी दोनदा धरतात. ‘आत्ता भरायचे’ आणि ‘हॉटेलवर भरायचे’ असे दोन आकडे येतात, त्यांची बेरीज एकदाच करायची. आणि तुलना करायची ती दोन्हीकडच्या शेवटच्या पानांची, यादीतल्या ठळक भावांची नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण मांडतो, भाव समजण्यापुरते आहेत. झाकलेली खोली १४० डॉलर, चार रात्री, ५६०. तिथे विक्रीकर आणि हॉटेलकर मिळून १४.७५ टक्के, म्हणजे ८२.६०, शिवाय दर रात्री साडेतीन डॉलर ठरावीक, १४. झाले ६५६.६०. साइट हे सगळं ‘कर आणि फी’ अशा एकाच ओळीत दाखवते आणि त्यात स्वतःचा आकारही मिसळते, त्यामुळे आकडा थोडा वरच येईल. आता आपल्या बँकेचा परकीय चलनाचा आकार. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३. ते २७ डॉलर धरून ६८४ च्या आसपास. तीच खोली नावानिशी, रद्द करता येणारी, १६५ ला असेल तर याच हिशेबाने ८०३. चार रात्रींत सुमारे ११९ डॉलर वाचले. यादीत बघताना १०० दिसतात, प्रत्यक्षात थोडे जास्त. आता तिसऱ्या माणसाच्या खाटेचे पैसे त्यातून वजा करा आणि मग ठरवा. न्यूयॉर्कबद्दल मीही कट्ट्याच्याच बाजूचा.

ठाणे_वेस्टवाला

कार्डाबद्दल.

१ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये दोन्हींची वेगवेगळी बटणं आहेत, दोन्ही चालू करा आणि परदेशी व्यवहाराची मर्यादा बुकिंगच्या रकमेच्या वर न्या. झाकलेल्या सौद्यात पैसे अडकले की पाच मिनिटांनी तोच भाव मिळेल याची खात्री नसते.

पैसे भरताना रुपयांत भरायचा पर्याय आला तर घेऊ नका, डॉलरच ठेवा. रुपयांत केल्यावर त्यांचा चढा दर लागतो आणि काही बँका त्यावरही आकार लावतात. बिलिंग पत्त्यात भारत निवडता येतो का, हे सौदा जुळवत बसण्याआधी पैशांच्या पानापर्यंत एकदा जाऊन बघून या.

चेक-इनला फॉरेक्स कार्ड देऊ नका. हॉटेल डिपॉझिट म्हणून रात्रीमागे ५०-१०० डॉलर अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा अडकते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. तोवर तुम्ही पुढच्या शहरात. बुकिंग ज्याच्या नावावर त्याचं क्रेडिट कार्ड आणि पासपोर्ट, दोन्हींवरचं नाव सारखं हवं. बायकोच्या नावाने बुकिंग आणि कार्ड तुमचं, असं करू नका.

पार्ले_पूर्व

तारखेचा एक सापळा राहिला. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं थेट विमान न्यूयॉर्कला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं. शनिवारी रात्री घरातून निघता, पण तिकिटावर तारीख रविवारची आणि उतरताही रविवारीच. ‘प्रवासात एक दिवस जातो’ असं धरून सोमवारपासून खोली घेतली तर पहिली रात्र रस्त्यावर. शनिवारपासून घेतली तर एक रात्र फुकट. चेक-इन साधारण तीनला. सकाळी सामान काउंटरवर ठेवू देतात का, ते आधी ईमेलने विचारून घ्या.

भागांच्या नावांवरही डोळा ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोत साइटवरचा ‘युनियन स्क्वेअर’ भाग शेजारच्या टेंडरलॉइन या बदनाम वस्तीच्या हद्दीपर्यंत ताणलेला असू शकतो. रात्री मुलाला घेऊन चालत यायला टेंडरलॉइन नको. झाकलेल्या सौद्यात नकाशावर मोठा ठिपका किंवा रंगवलेला पट्टा दाखवतात. पट्ट्यातला सगळ्यात नावडता कोपरा मिळाला तरी चालेल का, असं स्वतःला विचारा. न्यूयॉर्कमध्ये पैसे वाचवायचे तर नदीपलीकडचा, क्वीन्समधला लाँग आयलंड सिटी हा भाग बघा. तिथल्या कोर्ट स्क्वेअरहून ७ नंबरच्या मेट्रोने तिसरं स्टेशन म्हणजे मिडटाऊनमधलं ग्रँड सेंट्रल. आणि मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची राष्ट्रीय सुट्टी असते, तो वीकेंड वेगासला टाळा.

डोंबिवली_फास्ट

विषय निघालाच आहे तर: युरोपला जाणाऱ्यांनी यात पडू नये. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचं नाव-पत्ता असलेलं बुकिंग लागतं. व्हिसा नाकारला तर झाकलेल्या सौद्याचे पैसे गेले.

आणि मुंबईत पाहुण्यांसाठी असं काही करता येतं का?

शिवाजीपार्क_कट्टा

मुंबईत बोलीबिली नको, वार बघा. बीकेसी आणि अंधेरी पूर्वेची हॉटेलं ऑफिसच्या कामाला येणाऱ्यांवर चालतात, शनिवार-रविवारी भाव खाली येतो. साइटवरचा भाव बघायचा, मग हॉटेलला थेट फोन करून ‘नाश्त्यासकट याच भावात देता का’ विचारायचं. साइटचं कमिशन वाचतं, त्यामुळे बरेचदा देतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, वर गेलात की १८. म्हणून ७,६०० ची खोली दिसली तर दोनशे रुपये कमी करून घ्यायला भांडाच. ८,९६८ चे थेट ७,७७० होतात.

माहीमकर_७१

सगळ्यांचे आभार. मग न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को नावानिशी, दोन बेडवालं. वेगास सोमवार-मंगळवार करून झाकलेला सौदा. वेगासला नाव उघडल्यावर एकच मोठा बेड निघाला तर काय करायचं?

पार्ले_पूर्व

पुष्टीचा ईमेल आला की त्याच दिवशी हॉटेलला थेट लिहा, साइटला नाही. बुकिंग क्रमांक, ‘दोन मोठे, एक मूल, दोन क्वीन बेड हवेत’, एवढंच. हमी देणार नाहीत, पण नोंद करून ठेवतात. आदल्या दिवशी फोन करा आणि चेक-इनला तीनच्या ठोक्याला काउंटरवर हजर राहा. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उरलेली खोली येते आणि तिच्यात हमखास एकच बेड असतो.