पोस्टफिक्स : पाठवणाऱ्याचा पत्ताच बदलून यायलाय, मदत हवी आहे

मोंढा_लातूर
अर्जंट. आडतीचा मेल सर्व्हर आहे, पोस्टफिक्स. बाहेरून आलेल्या मेलवर तेल मिलच्या पत्त्याच्या जागी हे असं दिसायलंय:
एसआरएस०=केएक्स७बी=टीजे=मिलडोमेन=खरेदी@आमचंडोमेन
कोणत्या मिलनं सोयाबीन मागितलंय ते यादीत कळंना. रीस्टार्ट करून झालं. उद्या सकाळी सौदा आहे.

गोदाकाठ
पोस्टएसआरएसडी बसवलेलं दिसतंय, म्हणजे फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा करणारा प्रोग्राम (या पद्धतीला एसआरएस म्हणतात). पोस्टकॉन्फ -एन टाका, तुमच्या सेटिंग दिसतील. मेल कुठं फॉरवर्ड करता का?

जिनिंग_परभणी
आम्ही हे सगळं सोडून पैसे भरून जीमेल घेतलं. स्वतःचा सर्व्हर म्हणजे नुसता वैताग. लाइट गेली की बंद.

गोदाकाठ
सर्व्हर ठेवावा का, हे त्यांनी विचारलंच नाही ओ.

मोंढा_लातूर
मालकाच्या जीमेलला फॉरवर्ड आहे. जीमेल ते मेल परत करू लागलं म्हणून बसवलं. आउटपुट लई मोठंय, ही ओळ बघा:
सेंडर_कॅनॉनिकल_मॅप्स = टीसीपी:लोकलहोस्ट:१०००१

डीएनएस_बीड
एसपीएफच्या (डोमेनचं मेल कोणत्या सर्व्हरनं पाठवायचं ते सांगणारं डीएनएस रेकॉर्ड) शेवटी ‘-ऑल’ लावा, काम होतंय.

गोदाकाठ
कसं होईल? मिलच्या एसपीएफमध्ये तुमचा आयपी नाही, म्हणून फॉरवर्ड केलेलं मेल नापास होतं. आपलं रेकॉर्ड बदलून काय उपयोग? एसआरएसनं फक्त लिफाफ्यावरचा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो) पत्ता बदलायचा असतो, फ्रॉमला (मेल उघडल्यावर दिसतो त्या हेडरमधल्या पत्त्याला) हात लावायचा नसतो. इथं दोन्ही बदलायलेत. मेन डॉट सीएफमध्ये (पोस्टफिक्सची सेटिंगची फाइल) एवढं घाला आणि पोस्टफिक्स रीलोड करा:
सेंडर_कॅनॉनिकल_क्लासेस = एन्व्हलप_सेंडर
हे लिहिलं नसेल तर हेडरही त्यात धरलं जातं.

उदगीरकर
पण बाहेरच्या मेलचं हेडर पोस्टफिक्स आपणहून बदलत नाही. मध्ये अमाविस (मेलमधला व्हायरस-स्पॅम तपासणारा प्रोग्राम) आहे का?

मोंढा_लातूर
आहे. त्याचा काय संबंध?

उदगीरकर
तपासून झालं की मेल १२७.०.०.१ वरून (म्हणजे त्याच मशीनवरून) परत आत येतं. पोस्टफिक्सला ते घरचंच वाटतं, मग हेडरही बदलतं.

जिनिंग_परभणी
आज तूर काय निघाली लातूरला?

मोंढा_लातूर
ओळ घातली. नव्या मेलवर मिलचाच पत्ता यायलाय. आधीच्या मेलचं काय करू? ऑर्डरी त्यातच आहेत.

गोदाकाठ
आलेले मेल बदलणार नाहीत, पण पत्ता त्याच ओळीत आहे. ‘टीजे’नंतर मिलचं डोमेन, त्यापुढं @ च्या आधी नाव. उलटं जोडा: खरेदी@मिलडोमेन.