झहीर खान: २००६ च्या आधीचा आणि नंतरचा

बारावा गडी:
परवा २००३ ची वर्ल्ड कप फायनल पुन्हा बघितली (हो, मुद्दाम, छळ करून घ्यायची हौस). झहीरची पहिली ओव्हर १५ रन्सची, एकूण ७ ओव्हर्समध्ये ६७ आणि विकेट एकही नाही. मग लगेच २०११ ची लावली तर तोच माणूस सुरुवातीलाच तीन मेडन (एकही रन न देता ओव्हर) टाकतोय, श्रीलंकेच्या थरंगाला स्लिपमध्ये सेहवागकडे झेल द्यायला लावतोय. स्पीड तर उलट कमी झाला होता ना? मग मधल्या आठ वर्षांत नक्की काय झालं, फक्त वयाने आलेली अक्कल की अजून काही?

जुना बॉल:
वूस्टरशायर (इंग्लंडमधली काउंटी टीम) झालं. २००६ मध्ये टीममधून बाहेर होता, इरफान, श्रीशांत, आर. पी. सगळे डावरे-उजवे रांगेत उभे, आणि हा गेला काउंटी खेळायला. एका सीझनमध्ये चॅम्पियनशिपच्या ७८ विकेट काढल्या, त्यात एसेक्सविरुद्ध एकाच डावात ९. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथे रोज उठून बॉलिंग करायची म्हटल्यावर शरीर वाचवणं भाग होतं, म्हणून रनअप कमी केला, क्रीजजवळची ती मोठी उडी कमी केली. उडी गेली तसा तोल आला आणि मनगट सीमच्या (बॉलच्या शिवणीच्या) मागे सरळ राहायला लागलं. शिवाय रिव्हर्स (जुना बॉल उलट्या बाजूला वळवणं) करताना धावत येतानाच दुसऱ्या हाताने बॉल झाकायचा, म्हणजे चकाकी कुठल्या बाजूला आहे ते बॅट्समनला शेवटपर्यंत कळूच नये. राउंड द विकेट (स्टंपच्या दुसऱ्या बाजूने) येऊन उजव्या बॅट्समनला आत येतोय असं भासवून बाहेर काढणं हे तर बघत राहावं असं. २००७ ची इंग्लंडमधली ट्रेंट ब्रिज टेस्ट बघा, मॅचमध्ये ९ विकेट, आणि आपण २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये सिरीज जिंकलो. (तो बॅटिंगला असताना इंग्लंडवाल्यांनी क्रीजवर जेलीबीन्स (गोड गोळ्या) टाकून त्याला चिडवलं होतं, कुणी सुचवलं देव जाणे, दुसऱ्या डावात ५ घेतल्या त्याने.)

सरळ बॅट:
सगळं मान्य पण जरा दमाने घ्या. ९२ टेस्ट, ३११ विकेट, सरासरी ३३ च्या आसपास. ग्रेट म्हणताना हात जरा आखडतो. आणि ऐन वेळी मोडायचा हो. २०११ ला लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू गेला आणि सिरीज ४-० गेली. २००३ ला ब्रिस्बेनमध्ये ५ विकेट काढल्या आणि तिथेही दुखापत झालीच.

जुना बॉल:
लॉर्ड्सचं तुम्ही माझ्याच बाजूने बोललात की, एक माणूस गेल्यावर अख्खं आक्रमण बसलं म्हणजे तो काय वजनाचा होता बघा. आणि सरासरीत पहिली पाच-सहा वर्षं मिसळलीत तुम्ही, त्यात बऱ्याच टेस्ट भारतातल्या पाटा पिचवर, जिथे थोड्याच ओव्हर्सनंतर नव्या बॉलची चकाकी जाऊन तो मऊ पडतो आणि कॅप्टन स्पिनरकडे बघायला लागतो.

श्रीरामपूरकर:
आमच्या गावचा असल्यामुळे मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगतो :) पण वनडेबद्दल कोणी बोलतच नाहीये. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट, पाकिस्तानच्या आफ्रिदीसोबत सर्वात जास्त. बंगलोरला इंग्लंडविरुद्ध मॅच हातातून गेलीच होती, स्ट्रॉस १५८ वर, बेल सेट, तेव्हा याने लागोपाठच्या बॉलवर दोघांना काढलं, मग कॉलिंगवूडला पण, आणि मॅच टाय झाली. क्वार्टर फायनलला ऑस्ट्रेलियाच्या हसीला टाकलेला तो बोटांच्या पेरांतून सोडलेला स्लोअर तर अजून डोळ्यासमोर आहे. बावीस वर्षांच्या झहीरकडे असला बॉल नव्हता, तेव्हा नैरोबीत स्टीव्ह वॉला यॉर्कर (पायाशी पडणारा बॉल) मारला तो निव्वळ वेगाने.

बारावा गडी:
म्हणजे वेग गेल्यावर जास्त चांगला झाला असं म्हणायचं? मग रनअप लहानपणीच का कमी करत नाहीत आपले कोच?

सरळ बॅट:
कारण वेग नसेल तर सिलेक्टर बघतच नाहीत. आधी वेगाने आत शिरा, मग डोकं वापरा. ९ विकेट्सची ती काउंटी इनिंग बघायला कोणता सिलेक्टर गेला होता?




जुना बॉल:
गेले नसतील, पण २००६ च्याच शेवटी दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर घेतला ना परत. पेपर वाचत असावेत.