मदत हवी आहे: सामाईक सातबारा, आत्यांची नावं आणि कलम 85 खालचं वाटप

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, आंबा-काजूची बाग आणि थोडी भातखाचरं. सातबाऱ्यावर अजून आजोबा आणि त्यांच्या भावाचीच नावं, सामाईक. निम्मे वारस मुंबईला. बाग आम्ही कसतो, पण कर्ज काढायला गेलो की बँक सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या मागते.

आधी वारस नोंदी करून घ्यायच्या आणि मग जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करायचा, असं ठरवलंय. अडलंय ते आत्यांवरून. चुलतभाऊ म्हणतो, "आजोबा 1988 साली गेले, मुलींना हक्क देणारा 2005 चा कायदा तेव्हा नव्हताच, आणि वाटप तर तोंडी कधीच झालंय." दोन्ही आत्या हयात आहेत. त्यांची नावं लागल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.

कायदा सांगतो की वारसाने तीन महिन्यांत वर्दी, म्हणजे वारसाची खबर, द्यावी. आमच्याकडे पिढी गेली तरी ती दिली जात नाही, आणि विचारणारंही कोणी नाही. सातबारा ऑनलाइन दिसतो ही मोठी सोय झाली. पण फेरफार (सातबाऱ्यावरच्या नोंदीतला बदल) महसूल खात्याकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे, दस्त दुय्यम निबंधकाकडे. एकाच गडग्याच्या आतल्या जमिनीसाठी तीन दारं. त्यात आमच्या सर्व्हे नंबरचे पोटहिस्से कागदावर पडलेत, नकाशावर नाहीत. ही तिन्ही खाती जोडून पोटहिस्से मोजल्याशिवाय कोकणातला सामाईक सातबारा सुटणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न एवढाच: चुलतभावाने हरकत घेतली तर तहसीलदार वाटप थांबवतील का?

प्रतिसाद:
दादा, हक्काचाच वाद उभा राहिला तर कलम 85 खालचं वाटप थांबतं. दिवाणी न्यायालयाचा निकाल येईपर्यंत. पण तुमची बाजू लंगडी नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलींना वाटा आहे, म्हणजे 1988 च्या मृत्यूनेही तो मिळतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार, झाली, आणि त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. तोंडी वाटप न्यायालय सहसा मानत नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. तुमचा सातबारा आजही सामाईक आहे, हे चुलतभावाच्या म्हणण्याविरुद्धच जातं. वारस नोंदीचा अर्ज आत्यांसह आत्ताच द्या. हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत जाऊन सुनावणी होईल. फक्त एक ध्यानात ठेवा, फेरफाराने मालकी ठरत नाही.

धागाकर्ता:
खूप आभार. दावा लावायची वेळ आलीच, तर मुंबईतल्या ज्या वारसांचे पत्तेच नाहीत त्यांना नोटीस कशी बजावतात? कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.