मदत हवी आहे: श्रीलंकेसाठी चर्चमध्ये जमलेले पैसे आणि कपडे पाठवायचे कसे?

पाणंद_वसई:
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) श्रीलंकेसाठी मदत गोळा करायचं काम सध्या माझ्या गळ्यात आहे. दितवा चक्रीवादळाने २८ नोव्हेंबर २०२५ ला तिकडे थैमान घातलं, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातली बरीच डोंगराळ भागात, दरडींखाली. दोनच दिवसांनी आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार होता. फादरांनी प्रवचनात संत जोसेफ वाझ काढले. गोव्याचा हा धर्मगुरू १६८७ साली वेष बदलून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, गेला आणि १६९७ च्या देवीच्या साथीत राजासकट लोक डोंगरातलं कॅन्डी शहर सोडून पळाले, तेव्हा रोग्यांपाशी थांबला. यंदा त्याच कॅन्डीवर दरडी कोसळल्यात म्हटल्यावर लोकांनी खिशात हात घातला. तरुणांनी नाताळच्या गोठा स्पर्धेचं बजेट कापून भर घातली. दीड लाखाच्या आसपास रक्कम झालीय.

आता अडचणी. पैसे धर्मग्रामाच्या ट्रस्टच्या खात्यात आहेत. कोणी म्हणतं एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याची नोंदणी) लागतं, कोणी म्हणतं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कॅन्डीच्या फादरांचा' म्हणून एक खाते क्रमांक फिरतोय, तिथेच पाठवून मोकळे व्हा असा काहींचा आग्रह आहे. आणि हॉलमध्ये कपड्यांची पोती येऊन पडलीत. तिकडच्या डोंगरातल्या नुवारा एलियाला थंडी असते म्हणून लोकांनी स्वेटर दिले, इथवर ठीक. पण काल एक पोतं उघडलं तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा, जरीची साडी, लग्नातला कोट आणि एकाच पायाची चप्पल. एक मावशी तमिळ बायबलच्या प्रती सोबत देऊया म्हणतायत. कोणाला अनुभव आहे का?

हिशेबनीस:
पैशांचं आधी. एफसीआरए बाहेरून भारतात येणाऱ्या देणगीसाठी आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्हाला नडणार फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आणि आयकर. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, देणगीसुद्धा चालते, पण ती सवलत व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. शिवाय धर्मादाय ट्रस्टला करमाफी मिळते ती भारतात खर्च केलेल्या पैशांवर. देशाबाहेरच्या खर्चाला सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) परवानगी लागते. दीड लाखापायी ट्रस्टची करमाफी धोक्यात घालू नका.

सगळी रक्कम एकाच्या खात्यात वळवून त्याच्या नावाने पाठवणं हा 'जुगाड' तर मुळीच नको. उद्या प्रश्न त्यालाच विचारतील. ज्याला पाठवायचंय त्याने आपल्या पॅनवर, फॉर्म ए-२ भरून पाठवावं. ८०जीची करसवलत मिळणार नाही. आणि दोन-दोन हजार पाठवायला गेलात तर बँकेचं शुल्क आणि परदेशी बँकेत पैसे पोचवणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेचा खर्च मिळून चांगलाच चिमटा बसेल. मोठी रक्कम देणाऱ्यालाच हे परवडतं.

नगरी_मिशन:
त्या खाते क्रमांकावर एक रुपयाही नको. फादर खरे असले तरी नको. कॅथलिक असाल तर सोपं आहे: तिकडच्या बिशप परिषदेची मदतसंस्था कारितास श्रीलंका, तिचं जुनं नाव सेडेक. कॅन्डी धर्मप्रांतात (बिशपच्या हद्दीत) 'सेतिक' नावाने तिचंच केंद्र आहे. चहाच्या मळ्यांतल्या तमिळ कामगारांची वस्ती कुठे गाडली गेली हे त्यांना माहीत. इथून तुमच्या धर्मप्रांताच्या समाजसेवा केंद्राला गाठा, त्यांच्यामार्फत दिल्लीच्या कारितास इंडियाला विचारा की कायदेशीर वाट आहे का. असेल तर लेखी घ्या. आमच्यासारखे सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रोटेस्टंट) कासा या चर्चच्या मदतसंस्थेला विचारतात.

बायबलचं मात्र स्पष्ट सांगतो, मावशींना राग आला तरी चालेल. श्रीलंकेत सत्तर टक्के लोक बौद्ध आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर बाहेरून आलेल्या काही गटांवर मदतीआडून धर्मांतर केल्याचे आरोप झाले आणि त्याची झळ पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना बसली. रेड क्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेत लिहिलंय की मदतीचा वापर धर्म पुढे रेटायला करायचा नाही, आणि कारितासने ती मान्य केलीय. तांदूळ द्यायचा तर तांदूळ द्या.

जेबेल_अली:
वसईची निम्मी माणसं आखातात, म्हणून सांगतो. यूएईमध्ये परवान्याशिवाय देणगी गोळा करणं गुन्हा आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची वर्गणीसुद्धा. गावच्या ग्रुपवर दुबईतल्या पोरांना 'तिकडून जमवा' असं कृपा करून लिहू नका. द्यायचंच तर ज्याने त्याने परवानाधारक संस्थेला द्यावं. कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांना हा ताप नाही. तिथल्या कॅथलिक मदतसंस्था आहेत: कॅनडात डेव्हलपमेंट अँड पीस, इंग्लंडात कॅफोड, ऑस्ट्रेलियात कारितास ऑस्ट्रेलिया, तिथल्या तिथे पैसे देऊन मोकळे.

पाणंद_वसई:
बापरे, बरं झालं विचारलं. दुबईच्या ग्रुपवर आज रात्री टाकणारच होते. एक शंका: धर्मप्रांताकडून 'वाट नाही' असं उत्तर आलं तर जमलेल्या पैशांचं काय? समितीतले एकजण म्हणतात, पालघरच्या पाड्यांत वापरू, गरज तिथेही आहे.

नगरी_मिशन:
गरज आहेच, पण लोकांनी दिलेत श्रीलंकेच्या नावाने. मिस्सेत उभं राहून सांगा, 'अमुक अडचण आहे, परत हवे त्यांनी घ्या, उरलेले अमुक कामाला लावू'. परत मागणारे फार नसतील, पण विचारल्याशिवाय वळवलेत तर पुढच्या वेळी दानपेटी रिकामी येईल.

आणि घाई कशाला? नाताळात सगळ्यांनाच पान्हा फुटतो. पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये २०१४ ला दरडीखाली १५१ माणसं गेली. टीव्हीच्या गाड्या आठवड्यात परतल्या, घरं मिळायला वर्षं गेली. तिकडे मळ्यातल्या लोकांचं दुखणं तर आणखी वेगळं. ते राहतात इंग्रजांच्या काळातल्या 'लाइन' खोल्यांत, चाळीसारख्या. बहुतेकांच्या नावावर ना खोली ना जमीन. दरडीत सगळं गेल्यावर 'हे माझं होतं' हे दाखवायला कागदच नाही. त्यांना नवी जागा कुठली आणि कोणाच्या नावावर, हा घोळ लवकर मिटणारा नाही. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाची सुरुवात, १८ फेब्रुवारी २०२६ ला आहे. उपवासकाळाची वर्गणी त्यासाठी ठेवा. तोवर कागदपत्रंही मार्गी लागतील.

पाणंद_वसई:
पटलं. फादरांशी बोलते, धर्मप्रांताचं पत्र आलं की इथे टाकते. आता पोत्यांचं तेवढं सांगा.

हिशेबनीस:
श्रीलंकेला मुळीच नाही. जहाजाचं भाडं कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त, वर कस्टम्स. त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या नागपट्टिणमच्या रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजत होते, उचलायला पुन्हा माणसं लावावी लागली.

मोखाड्याची_बाई:
स्वेटर आमच्याकडे चालतील, जव्हार-मोखाड्यात डिसेंबर-जानेवारीत कडाका असतो. पण आधी जवळच्या आश्रमशाळेला फोन करून मुलांची वयं विचारा, धुवा, मापाप्रमाणे गठ्ठे बांधा आणि वर चिठ्ठी लावा. लग्नातला कोट ज्याचा त्याला परत द्या.