मदत हवी आहे: फोटोंतली नावं आणि गाण्यांची माहिती फाइलमध्येच कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी,

घरातले फोटो आणि गाणी एकदाची नीट लावायला घेतली आहेत आणि एका प्रश्नावर अडले आहे. आपण सॉफ्टवेअरमध्ये जे नाव, तारीख, अल्बम भरतो, ते नक्की कुठे जाऊन बसतं? फाइलमध्ये, की त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये?

आधी फोटोंबद्दल. काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले, काही व्हॉट्सॅपवर आलेले आणि बाकीचे अल्बममधून सोडवून स्कॅन केलेले कृष्णधवल. बऱ्याच चेहऱ्यांना जुन्या लॅपटॉपवर पिकासा या गूगलच्या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं दिली होती. पिकासाला तर गूगलनं मार्च २०१६ मध्येच निरोप दिला. तो लॅपटॉप अजून चालतो, पण त्याचा भरवसा नाही. फोल्डर नव्या लॅपटॉपवर घेतले तर फोटो सगळे आले, नावं एकही नाही.

आई शेजारी बसून सांगते, "ही पाठमोरी उभी आहे ना, ती मिरजेची मावशी. आणि टोपीवाला तिचा धाकटा दीर." हे सांगू शकणारं माणूस घरात आता तीच. तिनं सांगितलेलं उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी राहायला हवं, यासाठी ही सगळी खटपट. शिवाय स्कॅन केलेले फोटो सगळे या वर्षात दिसतात. १९५८ सालचं लग्न गेल्या महिन्यातल्या सहलीशेजारी!

आता गाणी. बाबांच्या कॅसेटवरून एमपी३ करून घेतलेली नाट्यपदं आणि अभंग आहेत. 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी' असे तीन वेगळे गायक दिसतात, रोमन लिपीतले आणखी निराळे. एकाच कॅसेटचे गायकागणिक तुकडे होऊन पाच अल्बम झालेत. काही देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. आणि राग कुठे लिहायचा?

विंडोज वापरते, फुकट सॉफ्टवेअर असल्यास उत्तम. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद: घाटवाट

प्रश्न अगदी मुळाशी नेलात. फाइल म्हणजे आहेराचं पाकीट आणि सॉफ्टवेअरचा डेटाबेस म्हणजे आहेर लिहायची वही समजा. पाकिटावरच नाव असलं की वही हरवली तरी अडत नाही. बरीच सॉफ्टवेअर फक्त वहीत लिहितात, तिथेच घोळ होतो.

जुना लॅपटॉप चालू आहे तोवर पहिलं काम त्याच्यावरच करा. पिकासानं कॅप्शन जेपीजी फाइलमध्येच लिहिलेली असते, ती सुरक्षित आहे. चेहऱ्यांचं तसं नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये .पिकासा.आयएनआय नावाची लपवलेली फाइल असते. चेहऱ्याची चौकट कुठे आहे ते तिच्यात असतं, पण नावाऐवजी आकडे-अक्षरांची एक लांब खूण असते. त्या खुणेचं खरं नाव पिकासाच्या वेगळ्या कॉन्टॅक्ट्स फाइलमध्ये. म्हणून नुसते फोल्डर हलवून नावं येत नाहीत. पिकासा ३.९ मध्ये ही नावं फोटोतच, एक्सएमपी या फाइलमधल्या माहिती साठवायच्या भागात, लिहायची सोय आहे. ऑप्शन्समध्ये 'नेम टॅग्ज' बघा. आधी एका फोल्डरवर करून पाहा.

मग नव्या लॅपटॉपवर डिजिकॅम हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, तुमचे फोल्डर हेच त्याचे अल्बम, फाइली हलवत नाही. एक्सएमपीतली नावं चौकटींसकट वाचतं. मात्र सेटिंग्जच्या 'मेटाडेटा' भागात जाऊन चेहरे, कॅप्शन, तारखा फाइलमध्ये लिहाव्यात अशा खुणा आठवणीनं करा, नाहीतर तिथेही वहीतच राहील. पाठमोऱ्या मावशींना कुठलंच सॉफ्टवेअर आपणहून शोधणार नाही, पण डिजिकॅममध्ये हातानं चौकट काढून नाव देता येतं.

तारखांचं कारण सोपं आहे. फोटो कधी काढला ते एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो त्या माहितीत, असतं. स्कॅनमध्ये ते नसतं किंवा स्कॅन केल्याची तारीख असते, आणि नसेल तिथे सॉफ्टवेअर फाइलचीच तारीख धरतं. एक्झिफमधली तारीख साध्या अक्षरांत लिहिलेली असते, त्यामुळे १९५८ बिनदिक्कत चालतं. काही सॉफ्टवेअर मात्र १९७० पूर्वीच्या तारखांना अडखळतात, कारण आतली कालगणना १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. नुसतं साल माहीत असेल तर १ जानेवारी टाका आणि कॅप्शनमध्ये 'अंदाजे' लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला ती खरी तारीख वाटणार नाही.

व्हॉट्सॅप एक्झिफ काढून टाकतं, पण फाइलच्या नावात तारीख ठेवतं. डिजिकॅमच्या तारीख बदलायच्या टूलला ती नावातून उचलता येते. लक्षात ठेवा, ती पाठवल्या-मिळाल्याची तारीख आहे, फोटो काढल्याची नव्हे.

प्रतिसाद: रेडिओप्रेमी

गाण्यांचं मी सांगतो. एमपी३ मध्ये माहिती दोन ठिकाणी असू शकते. गाण्याचं नाव, गायक वगैरे ज्यात लिहितात त्याला आयडी३ टॅग म्हणतात. त्याच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीचा टॅग फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट्सचा, नावाला ३० अक्षरं, देवनागरीची सोयच नाही. तुमची प्रश्नचिन्हं बहुधा तिथली. एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर घ्या, दुसऱ्या आवृत्तीचा टॅग (२.३, देवनागरी चालणाऱ्या यूटीएफ-१६ या अक्षरपद्धतीत) ठेवा आणि पहिला काढून टाका. दुसऱ्यातही प्रश्नचिन्हंच असतील तर मूळ अक्षरं गेली, कॅसेटचं कव्हर बघून पुन्हा भरावी लागतील.

अल्बम फुटतो कारण 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना रिकामा आहे. सगळ्या गाण्यांना तिथे 'विविध कलाकार' द्या, खरा गायक 'आर्टिस्ट'मध्ये राहू द्या. पंडितजींचं एकच रूप ठरवा, सगळी गाणी निवडून एकदम बदलता येतं. कॅसेटच्या दोन बाजूंना मी डिस्क १ आणि डिस्क २ म्हणतो, क्रम बिघडत नाही. अभंगात संतांचं नाव 'लिरिसिस्ट'मध्ये आणि चाल ज्यांची त्यांचं 'कंपोझर'मध्ये, ही सरमिसळ फार लोक करतात.

रागाला तयार रकाना नाही. एमपी३टॅगमध्ये 'राग' असा नवा रकाना काढता येतो, म्युझिकबी आणि फूबार२००० हे संगणकावरचे प्लेअर तो दाखवतात. मोबाइलवरचे प्लेअर सहसा दाखवत नाहीत, म्हणून मी 'कॉमेंट'मध्येही लिहितो. आणि आयट्यून्स वापरणार असाल तर फाइली नीट लावून ठेवायची खूण आधी काढा, ती असली की फाइली गायक-अल्बमप्रमाणे स्वतःच हलवल्या जातात.

धागाकर्ती

घाटवाट, रेडिओप्रेमी, मनापासून आभार! एका फोल्डरवर करून पाहिलं, नव्या लॅपटॉपवर नावं चौकटींसकट आली. आईला दाखवलं, तिनं लगेच आणखी दोघांची नावं सांगितली. एक राहिलंच, काही फोटोंच्या मागे आजोबांच्या हातचा मजकूर आहे. त्याचं काय करू?

प्रतिसाद: घाटवाट

मागची बाजूही स्कॅन करा. फाइलला पुढच्याच फोटोचं नाव देऊन शेवटी 'मागे' जोडा, म्हणजे दोन्ही शेजारी राहतील. मजकूर जसाच्या तसा, त्यांच्याच शुद्धलेखनात, पुढच्या फोटोच्या कॅप्शनमध्ये टाइप करा. मग गावाच्या नावानं शोधलं तरी फोटो सापडेल. आणि सगळ्या फोल्डरांवर एकदम लिहायला लावण्याआधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर मूळ फाइलींची एक प्रत काढून ठेवा.