वाचनालयाचे जुने लॅपटॉप: लिनक्स टाकायचं की भंगारात द्यायचे?

डिचोलीकर (प्रस्ताव)

पणजीत पाटोवरच्या एका कार्यालयाने आमच्या गावच्या वाचनालयाला सहा वापरलेले लॅपटॉप दिलेत. सगळे एकाच साच्याचे: इंटेलचा पाचव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क आणि वर विंडोज १०. त्यावरून समितीत दोन तट पडले आहेत. अध्यक्षांचं म्हणणं, विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे ही यंत्रं बाद. गणेशचवथीआधी भंगारवाल्याला बोलवा आणि कपाट मोकळं करा. मी म्हणतो, विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली पेनड्राइव्हवरून टाका आणि वापरा.

माझी बाजू अशी. यंत्रांत बिघाड काही नाही, एक तारीख उलटली इतकंच. वाचनालयात येणारी मुलं करतात काय? कर्मचारी निवड आयोगाचे अर्ज भरतात, तिथली परीक्षा संगणकावर असते म्हणून सराव करतात, बायोडेटा टाइप करतात, पीडीएफ वाचतात. हे जवळजवळ सगळं ब्राउझरमध्येच होतं आणि फायरफॉक्स विंडोजवर चालतो तसाच मिंटवरही चालतो. मिंटला २ जीबी रॅमवर भागतं, ४ असली तर उत्तम. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. परवान्याचा खर्च शून्य.

विरोधातले मुद्दे हवेत. ‘छान उपक्रम, शुभेच्छा’ लिहिणाऱ्यांनी कृपया हात आवरावा.

हिशेबनीस

विरोध मागितलात, घ्या.

आज वाचनालय म्हणताय. उद्या देवस्थानचा खजिनदार येऊन सांगेल, पावत्या इथेच करूया. तो टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मागेल, आणि टॅली विंडोजवरच चालतं. परवा कुणी डिजिटल सहीचं टोकन घेऊन येईल. लिनक्ससाठी त्या टोकनांचे ड्रायव्हर मिळतात, नाही असं नाही, पण ते बसवता बसवता आमच्या ऑफिसातल्या हुशार पोरांनाही घाम फुटलेला मी पाहिलाय. आणि प्रिंटर? निम्म्या गोव्याच्या टेबलावर बसलेला तो छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवून दाखवा, मग बोलू.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या समितीची जुनी इतिवृत्तं कशात आहेत? शिवाजी फॉन्टमध्ये नाहीतर श्रीलिपीत असणार, पैज लावतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धती, यायच्या आधीची सगळी कामं तशीच झालीत. तो फॉन्ट नसलेल्या मिंटवर ती फाईल उघडलीत की ‘सभा’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल.

फोंड्याचा फणस

दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय.

डिचोलीकरबाब, तुम्ही मिंट टाकाल, त्याबरोबर कुणीतरी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घालेल, लॅपटॉप पळायला लागेल आणि श्रेयाचा हार मिंटच्या गळ्यात पडेल. हळूपणाचं खरं कारण ती फिरणारी डिस्क आहे. आत्ताच टास्क मॅनेजर उघडून बघा; डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला दिसेल आणि प्रोसेसर निवांत बसलेला असेल. मिनिटाला ५४०० फेरे मारणाऱ्या त्याच तबकडीवर मिंट टाकलंत तर सुरुवातीला हलकं वाटेल, पण फायरफॉक्स उघडताना पुन्हा तिष्ठत बसाल.

एसएसडी घाला, रॅम ८ करा, विंडोज १० सुद्धा सुरळीत चालेल. सुरक्षेचं म्हणाल तर घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेटची सोय आहे. त्यापुढे विंडोज ११. रुफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएमची आणि रॅमची अट गाळायचा पर्याय समोर येतो, टिक करायची की झालं. पाचव्या पिढीच्या आय३ वर ते चढतं. कोअर टू ड्युओ असता तर गोष्ट वेगळी. त्या प्रोसेसरात लागणाऱ्या सूचनाच नसल्याने विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही.

मुलांना उद्या नोकरीत विंडोजच मिळणार आहे. मग इथे वेगळं कित्याक शिकवायचं?

डिचोलीकर

एसएसडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. देणगीदार शोधतोच आहे.

पण विंडोज ११ मागच्या दाराने? अशा यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क राहत नाही, हे मायक्रोसॉफ्टच सांगतं. महिन्याचे अपडेट आज येतात, उद्या येतीलच असं नाही. आणि वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येतच नाही, पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येकापाशी बसावं लागतं. घरच्या लॅपटॉपवर खुशाल करा. इथे लोक आधार कार्डाचे स्कॅन उघडतात, बँकेत लॉगिन करतात. तिथे ‘चालतंय ना, मग झालं’ म्हणणं मला पटत नाही. आणि ते जादा अपडेट एका वर्षाचे. पुढच्या चवथीला आपण पुन्हा याच बैठकीत बसलेले असू.

हिशेबनीस, देवस्थानने टॅलीसाठी वाचनालयाचा लॅपटॉप मागितला तर माझं उत्तर लिनक्स नसतानाही ‘नाही’च असेल. इतिवृत्तांचं मात्र तुम्ही अचूक ओळखलंत. शिवाजीच निघाला.

वाळपईची बाय

मी शाळेत शिकवते, म्हणून थोडं वेगळं लिहिते.

लिनक्स गोव्याला नवं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत परदेशातून वापरलेले संगणक आणून इथल्या शाळांना दिले गेले होते आणि त्यांवर लिनक्स घातलेलं होतं. आमच्याही शाळेत असे संगणक होते. मुलांना काही अडलं नाही. टक्स पेंटमध्ये चित्रं काढायची, शिक्के उमटवायचे, त्यातल्या आवाजांवर खिदळायचं. विंडोज की लिनक्स हा प्रश्न मुलांनी कधी विचारला नाही, विचारला तो आम्ही शिक्षकांनी. ते सगळं सांभाळणारे सर होते, त्यांची बदली झाली. नंतर एका संगणकावर नुसती काळी पाटी आणि पांढरी अक्षरं यायला लागली. कुणाला काही कळेना. पुढच्या पावसाळ्यात त्या सगळ्यांवर प्लॅस्टिक घातलं गेलं ते निघालंच नाही.

याउलट केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षं चालते आहे. त्यांनी आपली स्वतःची आवृत्ती काढली, पाठ्यपुस्तकं त्यावरच बेतली आणि हजारोंनी शिक्षक तयार केले. यंत्रं आपल्यासारखीच होती.

तेव्हा डिचोलीकरबाब, माझा विरोध मिंटला नाही, तुम्हाला आहे. रागावू नका. तुमची नोकरी उद्या पुण्याला लागली तर त्या सहा लॅपटॉपचा पासवर्ड कुणाकडे असेल?

मांडवीकाठ

इतक्या चर्चेत सहा नवे टॅब्लेट आले असते.

फोंड्याचा फणस

@मांडवीकाठ, टॅब्लेटवर बायोडेटा टाइप करून दाखवा, चहा माझ्याकडून.

@बाय, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. विंडोज बिघडलं तर गल्लीतलं कुठलंही पोर ते पुन्हा घालून देतं. मिंट बिघडलं तर?

म्हापशेकर रिपेरवाला

गल्लीतलं ते पोर मीच. शुक्रवारच्या बाजाराच्या बाजूला दुकान आहे. मिंट पण घालतो, विंडोज पण घालतो, दोन्हीचे पैसे सारखेच. त्यामुळे माझं कुणाशी भांडण नाही.

पण तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर भांडताय. आधी लॅपटॉप उलटा करून बघा. टेबलावर सपाट बसतो काय? एका बाजूने डुलत असला किंवा टचपॅड वर आल्यासारखा वाटला तर आत बॅटरी फुगलीय. ती काढायची, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. गोव्याच्या हवेत स्क्रू गंजतात, किनारपट्टीला तर विचारूच नका; पेचकस फिरवला की स्क्रूचं डोकंच गोल होतं. तेव्हा एसएसडी घालायची तर ज्याला सवय आहे त्याच्याकडून घालून घ्या.

दुसरं म्हणजे आतला नाण्याएवढा सेल, बहुतेक सीआर२०३२. इतकी वर्षं झालेल्या लॅपटॉपात तो मेलेला असण्याची शक्यता दांडगी. तो मेला आणि मोठी बॅटरीही संपलेली असली की प्लग काढल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग लिनक्स असो की विंडोज, ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो आणि गिऱ्हाईक मला फोन करतो की व्हायरस आलाय. व्हायरस कुठला, सेल बदल बाबा. यंत्र चालू होताना आधी जागं होणाऱ्या बायोसमध्ये लावून ठेवलेला बूटचा क्रमही (आधी डिस्क की पेनड्राइव्ह) कधीकधी त्याच कारणाने पुसला जातो, म्हणून पेनड्राइव्ह लावूनसुद्धा पुन्हा जुनं विंडोजच उघडतं.

आता इन्स्टॉलचं. आयएसओ फाईल, म्हणजे इन्स्टॉलची डाउनलोड केलेली प्रत, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर काही होत नाही, दर आठवड्याला कोणीतरी तेच करून येतो. रुफस नाहीतर एचर अशा सॉफ्टवेअरने ती लिहावी लागते आणि लिहिताना पेनड्राइव्हवरचं सगळं जातं. लग्नाचे फोटो आधी काढा. ८ जीबीचा पुरतो. डाउनलोड झाल्यावर चेकसम (फाईल पूर्ण आली की नाही ते सांगणारा आकडा) जुळवून घ्या, आपल्याकडे नेट मध्येच तुटतं आणि अर्धवट फाईल शेवटच्या टप्प्यावर रडवते. पेनड्राइव्हवरून सुरू करायचं तर चालू करताना काही कंपन्यांत एफ१२ दाबायचं, काहींत एफ९, काहींत एस्केप.

मिंट पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. तिथेच वायफाय, आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड तपासा. वेग तपासू नका, पेनड्राइव्हवर ते रांगतंच. वायफाय दिसलं नाही तर बहुतेक ब्रॉडकॉमचं कार्ड निघेल. मग फोन यूएसबी केबलने जोडायचा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करायचं, की लिनक्सला लगेच नेट मिळतं. त्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवून घ्यायचा.

आणि काय करायचं ते पाऊस थांबल्यावर करा. बॅटरी मेलेली, इन्स्टॉल अर्ध्यावर आणि वीज गेली, अशी जूनमध्ये रांग लागते माझ्याकडे.

हिशेबनीस

वा रिपेरवाले, देव बरें करूं. पण फुगलेली बॅटरी, सेल, एसएसडी, रॅम, तुमची मजुरी, सगळं धरून सहा लॅपटॉपचा हिशेब कुणी मांडलाय का? फुकट लिनक्सचा खर्च असा हळूहळू वर येतो.

डिचोलीकर

मांडलाय. त्यातला सेल, बॅटरी, एसएसडी हा खर्च विंडोज ठेवलं तरी तेवढाच आहे. ज्या लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तो मोडून सुटे भाग बाकीच्यांना, त्यामुळे रॅम बाहेरून फारशी घ्यावी लागणार नाही.

बाय, तुमचं उत्तर द्यायचं राहिलं. पासवर्ड ग्रंथपालांच्या लोखंडी कपाटात पाकिटात राहील आणि अकरावीतल्या दोन मुलींना इन्स्टॉलच्या वेळी शेजारी बसवणार आहे. मी नुसता बघणार, बटणं त्या दाबणार. मराठीसाठी त्यांना वेगळं काही शिकवावं लागणार नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिंटच्या सेटिंगमध्येच आहे आणि कोकणीलाही तोच चालतो.

आणि एक मुद्दा अजून कुणीच काढला नाही. मिंटमध्ये लॉगिनच्या सेटिंगमध्ये पाहुण्यांचं सत्र चालू करता येतं. माणूस उठून गेला, लॉगआउट केलं, की त्याने उघडलेलं सगळं पुसलं जातं. आधीच्या माणसाचं पॅन कार्ड पुढच्याला डाउनलोडच्या फोल्डरात सापडायची भीती नाही. वाचनालयाला याहून वेगळं काय हवं?

फोंड्याचा फणस

ते चांगलं आहे, मान्य. विंडोजवर हे करायला खटपट पडते.

वाळपईची बाय

थांबा, थांबा. म्हणजे एखाद्या पोराने तासभर बसून बायोडेटा लिहिला, डेस्कटॉपवर ठेवला आणि लॉगआउट केलं तर तोही गेला?

डिचोलीकर

गेला. म्हणून पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर ठेवायचं. तशी पाटी लावू.

हिशेबनीस

पाटी! ‘शांतता राखा’ची पाटी तुमच्या वाचनालयात लावलेली मी स्वतः पाहिलीय, आणि तिच्या खालीच बसून कबड्डीवरचं भांडणही ऐकलंय.

माझं मत कायम: एक लॅपटॉप विंडोजवर, नेटला न जोडता, जुन्या इतिवृत्तांसाठी ठेवा. त्यातलं सगळं युनिकोडमध्ये आणेपर्यंत तरी तो भंगारात जाता कामा नये. बाकी पाचांचं तुम्ही बघा.

म्हापशेकर रिपेरवाला

पुढच्या रविवारी दुकान बंद आहे, येईन. सहाही चार्जर शोधून ठेवा. लॅपटॉप देणारे चार्जर द्यायला हमखास विसरतात.