मधुमेह आईच्या पोटातून येतो की आपल्या ताटातून?

माणदेशी
गेल्या आठवड्यात थोरल्या भावाच्या पायाचा अंगठा काढला. वय ५२, वजन ५५ किलो. ३६ व्या वर्षी शुगर निघाली तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा काय म्हणाले, तर "गोड कमी करा, जरा हातपाय हलवा." हा माणूस पहाटे पाचला धारा काढून मळ्यात जायचा. तेव्हापासून भावकीत जो भेटेल तो विचारतो, "गोड खात होतास ना?" भाऊ मान खाली घालतो. मला ते बघवत नाही.

तो १९७३ च्या उन्हाळ्यातला. आई बाहत्तरच्या दुष्काळात सातवा लागेपर्यंत खडी फोडायला जात होती. खायला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण कमी पडतं ते स्नायू आणि पोटातले अवयव. पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी घटत नाही. म्हणजे दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. आईला पोटभर मिळालं नाही की गर्भ मेंदू वाचवतो आणि बाकीच्यात काटकसर करतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्यांना पन्नाशीत साखर पचवणं जड गेलं, असं तिथल्या तपासण्यांत दिसलं.

माझं मत स्पष्ट आहे. रोग्याला दोष देणं थांबवा आणि पैसा मुलींच्या खाण्यावर घाला.

चालत राहा
भावाचं वाचून वाईट वाटलं. तरी मला हे पटत नाही.

गरोदरपणातल्या उपासमारीनेच मधुमेह होत असता तर उत्तर प्रदेश सगळ्यात पुढे हवा होता. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभराच्या पाहणीत तिथे प्रमाण ४.८ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी. सर्वांत जास्त कुठे? गोव्यात, २६.४ टक्के. गोव्यातल्या आया उपाशी होत्या का? बदललं ते ताट आणि बदलली ती बैठक.

चेन्नईत शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या, म्हणजे साखर वाढलेली पण अजून मधुमेह न झालेल्या लोकांना फक्त चालायला आणि नीट खायला लावलं. अडीच वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. माझा मामा "आमच्या रक्तातच आहे ते" म्हणत राहिला आणि गोळ्यासुद्धा वेळेवर घेतल्या नाहीत. शेवटी डायलिसिसवर गेला. जन्मातच ठरलंय असं एकदा डोक्यात बसलं की माणूस हातपाय गाळतो. तुमच्या लेखाने तेच होईल, म्हणून एवढं लिहिलं.

उर्मिला
मला दोघांशीही भांडायचंय.

माझी मुलगी २.१ किलोची झाली. वजनकाट्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "हिने पोटात काही खाल्लंच नसेल." खाल्लं नव्हतं हे खरं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जे उरेल ते माझं, आणि त्यात भाजी क्वचितच. माणदेशी, तुम्ही भावाच्या मानेवरचं ओझं उचललंत, पण ते आता सरळ आईच्या डोक्यावर येतं. उद्या पोराला शुगर झाली की विचारतील, "पोटुशी असताना काय खात होतीस?"

त्याच सहा खेड्यांच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कुणी बोलत नाही. पालेभाजी, दूध, फळं ज्यांच्या खाण्यात जास्त, त्यांची बाळं अंगाने भरलेली. आणि पाणी वाहणं, शेतातलं जड काम ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळं बारीक. मग हंडा कोण उचलतं आणि दूध कुणाच्या कपात जातं, यावर बोला. बहुतेक बायांच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट (गोळीतलं फोलिक तेच) जास्त, अशा आयांच्या मुलांना सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट लागू पडत नव्हतं. मला दवाखान्यातून लोह-फोलिकच्या गोळ्या मिळाल्या. बी-१२ चं नावही कुणी काढलं नाही.

माणदेशी
उर्मिलाताई, चुकलंच. आई हे वाचत असती तर तिला लागलं असतं. "मुलींच्या खाण्यावर पैसा" म्हणालो, त्यात तिचं कामही धरायला हवं होतं.

चालत राहा, उत्तर प्रदेशचा त्याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. मधुमेह ४.८ टक्के, पण उंबरठ्यावरचे १८ टक्के, म्हणजे एका रोग्यामागे जवळजवळ चार. तिथे ताट अजून बदलतंय. गर्भात बंदूक भरली जाते आणि ताट चाप ओढतं, असं मी समजतो. गोव्यात चाप आधी ओढला गेला.

आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही ताट बदललं. कालव्याचं पाणी आलं, बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. दूध डेअरीला आणि घरात चहाबरोबर बिस्किटं. हे मी वर लिहायला हवं होतं. पण तेच ताट, तीच बिस्किटं खाऊन माझी शुगर अजून नॉर्मल आहे. मी १९८० चा, दुष्काळानंतरचा.

चालत राहा
दोन भावांवरून सिद्ध काहीच होत नाही. तुम्ही वजन आणि कंबर कधी मोजलीत? बंदूक भरलेली आहे हे मान्य केलं, तरी आज माझ्या हातात फक्त चाप आहे. आईचं गरोदरपण मला परत आणता येत नाही.

जुना कंपाउंडर
तीस वर्षं एका एमडींकडे होतो, तेवढ्यावर लिहितो. बारीक अंगाचे, तरुणपणीच शुगर निघालेले पेशंट आम्ही खूप पाहिले आणि सगळ्यांना एकाच साच्यातल्या गोळ्या दिल्या. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला 'टाइप ५' म्हणून वेगळी ओळख दिली. वेल्लोरच्या डॉक्टरांचं त्यावर काम आहे. यात मुख्य अडचण इन्सुलिन कमी तयार होण्याची असते. लठ्ठ पेशंटला सांगतात तसं "खाणं कमी करा" यांना सांगितलं तर ते आणखी खंगतात.

माणदेशी, भावाचं सी-पेप्टाइड कधी तपासलंय का? स्वादुपिंडात इन्सुलिन किती बनतंय ते त्यातून कळतं. तो टाइप ५ आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

माणदेशी
सोळा वर्षांत एकदाही नाही. शुक्रवारी ड्रेसिंगला न्यायचंय, तेव्हा विचारतो.